बारा पाईप आणि एक ठसा

आमच्या कारखान्यात किस्से भुशासारखे साचतात. संध्याकाळी झाडून काढावेत, तर सकाळी लेथखाली पुन्हा ढीग! मैत्रिणींना सांगायला बसले की त्या म्हणतात, "रेवा, तू वाढवून सांगतेस." अगं, मी तर कमी करून सांगते. सगळं सांगितलं तर तुमचा विश्वासच बसणार नाही.

हे सगळे किस्से एकाच नियमातून निघालेत. नियम आप्पांचा, म्हणजे माझ्या मोठ्या काकांचा. "ठसा करायचा तो सुदामकडूनच. का, ते विचारायचं नाही."

आता कसला ठसा, ते आधी सांगते. पंचवटीत आमचं पत्र्याचं शेड आहे, लाकडाच्या कातारकामाचं. आप्पा पोळपाट-लाटणी करतात, बाबा पाळण्याचे खांब आणि पलंगाचे पाय. मी मेकॅनिकल इंजिनिअर होऊन घरी आले आणि पाईप करायला लागले. नळाचे नव्हेत, तंबाखू ओढायचे. वाटी, दांडी, आतलं भोक, पॉलिश, सगळं एका हातचं. मी स्वतः ओढत नाही. त्यावरही लोकांना प्रश्न पडतो. अरे, पाळणे करणारे बाबा काय पाळण्यात झोपतात?

बेंगळुरूच्या एका दुकानदाराने माझे फोटो बघितले आणि बारा पाईपची ऑर्डर दिली. आवडले तर दर महिन्याला घेईन म्हणाला. अट एकच. प्रत्येक दांडीवर करणाऱ्याची खूण हवी, पोलादी ठशाने लाकडात ठोकलेली. स्टिकर चालणार नाही. ठसा नसेल तर माल परत.

म्हणजे ठसा करून देणारा माणूस शोधायचा, एवढंच काम. इंजिनिअर मुलीला जमायला हरकत नाही ना? पण आमच्याकडे नियम आहे!

* * *

मी पहिला पाईप केला तेव्हा आप्पांनी तो लांबूनच बघितला.

"या लेथवर आमच्या वडिलांनी देवघरं केली," ते म्हणाले. "ही नशापाण्याची वस्तू. असल्या चिलमीला मी हात लावणार नाही. तुझा बापही लावणार नाही."

बाबांनी लगेच मान हलवली. आप्पा बोलले की बाबांची मान आपोआप हलते.

हे सांगताना आप्पांच्या डाव्या तळहातावर तंबाखू होती आणि उजव्या अंगठ्याने ती चुन्यात मळणं चालू होतं! मी त्या तळहाताकडे बघत राहिले.

आप्पांनी चिमूट ओठात ठेवली आणि म्हणाले, "ही वेगळी."

शब्दाचे मात्र पक्के. बारा पाईप झाले, पॉलिश झाले, तरी दोघांनी एकालाही बोट लावलं नाही. ऑर्डरीला ठसा लागणार हे कळल्यावर ठशावर मात्र सगळ्यांचे हात पडले.

* * *

सुदामकाका भांड्यांवर नावं घालतात. मूळचे सायखेड्याचे, आप्पांचे जुने दोस्त. अक्षर इतकं देखणं की लग्नात रुखवताची भांडी लोक आवर्जून त्यांच्याकडे आणतात. याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण ताटावर नाव कोरणं वेगळं आणि पोलादात उठावाची अक्षरं कापून ठसा करणं वेगळं. डोळ्यांचे डॉक्टर चांगले आहेत म्हणून त्यांच्याकडून दाढ काढून घ्यायची का?

पहिला ठसा आला. त्यावर "आप्पा अँड सन्स". हे नाव का? शेडवरच्या पाटीवर आहे म्हणून. आप्पांना एकच मुलगा, तो पुण्यात कॉम्प्युटरपुढे बसतो. त्याने लाटणं कधी पोळी करायलासुद्धा धरलेलं नाही. पण असो. तेव्हा मला नावापेक्षा ठशाचीच काळजी होती.

"काका, याला पाणी दिलंय का?" मी विचारलं. पाणी देणं म्हणजे पोलाद लालभडक तापवून तेलात बुडवायचं, म्हणजे ते कडक होतं.

"पोरी, लय वर्सं झाली मला या धंद्यात," सुदामकाका म्हणाले. "लोखंड हाय ते. लाकडावर मारायचं. त्याला काय व्हतंय?"

टाकाऊ तुकड्यांवर आठ वेळा मारला. आठव्या वेळी "आप्पा" चावलेल्या पेन्सिलीसारखे दिसायला लागले.

"तू जोरात मारतेस," आप्पा म्हणाले.

हळू मारला. काहीच उठलं नाही.

"आता हळू मारतेस."

"मग कसा मारू?"

"विचारायचं नाही म्हटलं ना!"

* * *

दुसरा ठसा तपासायला नाना आले. नाना म्हणजे आत्याचे यजमान. नाशिक रोडला राहतात, प्रेसमधून रिटायर झालेत. छपाईचा विषय निघाला की घरात सगळे गप्प बसतात आणि नानांकडे बघतात. लग्नपत्रिकेचा कागद, दुकानाची पाटी, मुलांच्या वह्या, सगळ्यावर शेवटचा शब्द त्यांचा.

नानांनी चष्मा लावला. ठसा उजेडात धरला. मग टेबलावर आपटला.

"उलटा आहे! एक अक्षर वाचता येत नाही. सुदामा, परत ने."

"नाना, ठसा उलटाच असतो," मी म्हणाले. "उलटा असला तरच लाकडावर सुलटा उठतो."

"तू मला छपाई शिकवतेस? मी आयुष्य काढलंय प्रेसमध्ये!"

सुदामकाकांनी ठसा मुकाट्याने परत नेला. त्यांना कळत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. पण पाहुण्यांपुढे कोण बोलणार? आठवड्याने तोच ठसा "सुलटा" होऊन आला. नानांनी तो मोठ्याने वाचला आणि खूश झाले. मी लाकडावर मारला. लाकडावरचं वाचायला आरसा आणावा लागला!

त्या रात्री जेवताना मी आत्याला फोन करून विचारलं, "नाना प्रेसमध्ये नक्की कुठल्या खात्यात होते गं?"

"कँटीनला," आत्या म्हणाली. "का?"

* * *

तिसरा ठसा उलटा होता, म्हणजे बरोबर होता. पण त्याचं तोंड सपाट आणि माझ्या पाईपची दांडी गोल. तीन ओळी एकाखाली एक. आप्पा, अँड, सन्स. सपाट ठसा गोल दांडीला मधेच टेकणार, हे सातवीतल्या मुलालाही कळेल.

मारला. "अँड" तेवढं उठलं.

मी तो तुकडा सगळ्यांपुढे ठेवला. आता तरी दुसरीकडे जाऊ म्हणतील, असं मला वाटलं. आप्पांनी वाकून तो तुकडा बघितला.

"दांडी चपटी कर," ते म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करतायत. नव्हते करत! झाकण बसत नाही म्हणून कढई ठोकायला निघाले होते. बारा पाईप, प्रत्येकाची दांडी मी दोन-दोन दिवस घासलेली. बाबा हळूच मला बाजूला घेऊन म्हणाले, "कर ना थोडी, एका अंगाने. सुदामकाकांना वाईट वाटेल."

"आणि मला?"

बाबांना हा मुद्दा नवीन होता.

* * *

मग मी नियम मोडायचं ठरवलं. ऑनलाइन शोधून एका परराज्यातल्या ठसेवाल्याला फोन लावला. त्याला माप सांगितलं, गोलाई सांगितली, अक्षराची उंची, खोली, पाणी किती हवं, सगळं. तो शांतपणे ऐकत होता. मला वाटलं, चला, एक शहाणा माणूस भेटला.

माझं बोलणं संपल्यावर त्याने विचारलं, "मॅडम, घर में कोई जेंट्स है? उनसे बात कराइए."

मी म्हटलं, "हैं ना भैया, तीन हैं. तीनों को मालूम नहीं कि ठप्पा उल्टा होता है."

त्याने फोन ठेवून दिला.

* * *

शेवटी स्कूटर काढली आणि सातपूरच्या एमआयडीसीत गेले. एका गल्लीच्या टोकाला साचे-ठसे करणारं छोटं टूलरूम आहे. मालक खैरनार, सटाण्याकडचे. बाहेर बोर्डसुद्धा धड नाही. मशीनवरून मान न उचलता त्यांनी विचारलं, "काय काम शे ताई?"

मी काम सांगितलं. मग त्यांनी मान उचलली आणि प्रश्न सुरू केले. कशावर मारनार? लाकूड कोनतं? गोल किती? पॉलिशच्या आधी मारनार का नंतर? हातोडा कितीचा?

मला खरंच रडू यायला लागलं. तीन ठसे झाले, पण हे प्रश्न मला कुणी एकदाही विचारले नव्हते.

"दांडीचा एक तुकडा ठेवून जा," ते म्हणाले. "ठशाचं तोंड त्या गोलाईत घासावं लागेल. आनि घाव एकदाच घालायचा. दुसरा बसला की अक्षर डबल होतं, पाईप वाया. ज्याचा हात पक्का त्यानेच मारायचा."

"मीच मारणार."

"मग नाव काय टाकू?"

मी तोंड उघडलं आणि पाटीवरचं नाव सांगणार तेवढ्यात थांबले.

खैरनारांना वाटलं मला प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा सोपा करून विचारला. "पाईप कोनी केले?"

"मी."

"मग?"

मी कागद घेतला आणि लिहून दिलं. रेवा. खाली नाशिक.

* * *

ठसा चार दिवसांत आला आणि घरात बैठक बसली.

"पोरीचं नाव ठशावर?" नाना म्हणाले. "उद्या लग्न झालं की? पोलाद आहे ते, पन्नास वर्षं टिकेल. त्यावर टिकणारं नाव हवं."

"माझं नाव टिकाऊ नाही?"

"आडनाव बदलेल ना!"

"आडनाव टाकलेलंच नाही. बघा तरी. रेवा, नाशिक."

नानांनी चष्मा लावला, या वेळी ठशावरची उलटी अक्षरं नीट लावून वाचली आणि विजयी चेहऱ्याने म्हणाले, "मग नाशिक बदलेल!"

आप्पा मात्र ओरडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "सुदामला दिलेला शब्द मोडला. मी त्याला काय तोंड दाखवू?" बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते एका पलंगाच्या पायाला पॉलिश करत होते. त्याला सकाळीच पॉलिश झालं होतं.

* * *

सोमवारी माल कुरिअरला द्यायचा होता. शनिवारी दुपारी मी बाराही पाईप फडक्यावर मांडले. एका ओळीत. शेजारी हातोडा आणि माझा ठसा. तेवढ्यात आप्पा, बाबा, नाना आणि सुदामकाका, चौघे आत आले.

सुदामकाकांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला. त्यांचा चौथा ठसा. मी हातात घेऊन बघितला. खोटं का बोलू? ठसा उत्तम होता. अक्षरं उलटी, तोंड गोलाईत घासलेलं, आणि कानशीने ओरखडायला गेले तर कानस घसरली. पक्कं पाणी दिलं होतं. काकांनी कुठून कुठून विचारून, शिकून केला होता. नाव तेच. आप्पा अँड सन्स.

"आता बोल," आप्पा म्हणाले. "मऊ आहे?"

"नाही."

"सुलटा आहे? सपाट आहे?"

"नाही आप्पा. एकदम बरोबर आहे."

"मग मार."

"मी नाही मारणार."

नानांनी तोंड उघडलं. आप्पांनी हाताने त्यांना थांबवलं. "कारण?"

मी सुदामकाकांचा ठसा फडक्यावर पाईपच्या शेजारी ठेवला. हातोड्याचा दांडा आप्पांकडे वळवला.

"आप्पा, यातला तुम्ही केलेला पाईप उचला आणि तुमच्या हाताने त्यावर मारा. बाबा, मग तुम्ही केलेला तुम्ही उचला. नाना, तुम्ही पण. उरतील त्यांचं मी बघते."

आप्पा तंबाखू मळत होते. त्यांचा अंगठा तळहातावर तिथंच थांबला. बाबांची मान हलली नाही. चौघे त्या बारा पाईपकडे बघत उभे राहिले. एकाचाही हात पुढे आला नाही.