सुतकातले दोन सामने

बास्केटबॉल या खेळात चेंडू घेऊन पुढे येणाऱ्या आणि कोणी कोठे जावे हे ठरवणाऱ्या खेळाडूला पॉइंट गार्ड म्हणतात, हे मला वयाच्या शहात्तराव्या वर्षी माझ्या नातीने शिकवले. जेवणाच्या टेबलावर तिने पाच वाट्या मांडल्या आणि लिंबाची एक फोड या वाटीकडून त्या वाटीकडे फिरवून दाखवली. मी म्हणालो, "म्हणजे तू अध्वर्यू." यज्ञात ऋचा म्हणणारे वेगळे, साम गाणारे वेगळे, अध्वर्यू मात्र वेदीभोवती सारखा हिंडत असतो, आणि आता तू हे म्हण, आता तू ते आण, अशा आज्ञा तोच देतो. हे समजावून सांगितल्यावर ती हसली.

"सेम जॉब, आजोबा. फक्त माझं कोणी ऐकत नाही."

एका तालुक्याच्या गावी मी पस्तीस वर्षे संस्कृत शिकवले. पत्नी गेल्यानंतर मुलाने मला येथे, आयर्लंडमधील ल्यूकनला, आपल्या घरी आणले. तो संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात अभियंता आहे. सून जवळच्या नास गावातील रुग्णालयात डॉक्टर आहे. नात पाच वर्षांची असताना या देशात आली. तिचे मराठी इकडच्या हेलाने वळलेले आहे, पण माझ्याशी ती मराठीतच बोलते, आणि ते माझ्यासाठी किती कष्टाने जपलेले आहे हे मला ठाऊक आहे.

तिच्या कॉलेजातील मुलींचा संघ दुबळा होता. पहिल्या वर्षी तिने स्वतः भिंतींवर कागद चिकटवून, वर्गावर्गात फिरून नऊ मुली जमवल्या होत्या. दोन वर्षे त्या बहुतेक सामने हरल्या. तिसऱ्या वर्षाच्या आरंभी क्रीडाविभागाने त्यांना स्पष्ट सांगितले, की यंदाही तळाला राहिलात तर पुढील वर्षी हा संघ नसेल. सभागृहाची वेळ दुसऱ्या खेळाला दिली जाईल.

"टीम गेली तर मी त्या कॉलेजात करू काय?" तिने आईला विचारले.

"अभ्यास," सून म्हणाली. आम्ही सारे हसलो. नात हसली नाही.

त्याच सप्टेंबरात पश्चिमेच्या कासलबार गावाकडची एक मुलगी दुसरे कॉलेज सोडून यांच्याकडे दाखल झाली. तीही पॉइंट गार्डच. ही वार्ता नातीने पोळीचा तुकडा मोडता मोडता सांगितली.

"चांगली खेळते?" मी विचारले.

"खूप."

"मग?"

"मग काय? तिला बाकावर बसावं लागेल. मी पहिल्यापासून आहे तिथे." तिने तो तुकडा आमटीत बुडवला. "ती स्वतःच म्हणाली, तू आधी. मी नवीन आहे म्हणाली."

"मोठी विनयशील मुलगी दिसते."

"आजोबा, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?"

पहिल्या चार सामन्यांपैकी तीन त्या हरल्या. चौथा जिंकल्या तेव्हा नात दारातूनच ओरडत आली, आणि मी देवापुढे साखर ठेवली.

कार्तिक महिन्यात माझा धाकटा भाऊ गेला. मी संध्या करीत असताना पुतण्याचा फोन आला. "काका, बाबा गेले," एवढेच तो बोलू शकला. आम्ही दोघा भावांनी एकाच गुरुजींसमोर, मांडीला मांडी लावून संथा घेतली होती. म्हणताना त्याचा श्वास तुटे तेथून मी उचलीत असे, माझा तुटे तेथून तो. उन्हाळ्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झालेली असल्याने विमानप्रवासाला डॉक्टरांची मनाई होती. त्याचे मुख मला पाहता आले नाही.

घरात दहा दिवसांचे सुतक आले. मी देवपूजा थांबवली, समई विझलेली राहू दिली. मुलगा दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेला, सून रुग्णालयात गेली. मी त्यांना अडवले नाही. चरितार्थाच्या कामाला कोण अडवील? सकाळी आठ वाजता घर रिकामे झाले की मी खिडकीपाशी बसे. समोरच्या घरांतून मुले शाळेला जात, कोणी कचऱ्याचे डबे बाहेर आणून ठेवी. माझा भाऊ गेला आहे हे त्या रस्त्यावर कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी नात माझ्या खोलीच्या दाराशी आली.

"आजोबा, गुरुवारी मॅच आहे. आणि पुढच्या मंगळवारी एक. सुतकात चालतं का?"

आता मी जे लिहितो आहे ते लिहिण्यासाठीच हा सारा प्रपंच आहे. आरंभिलेल्या कार्याला सुतकाची बाधा नसते, असा शास्त्राचा निर्णय आहे. तो मला बालपणापासून मुखोद्गत आहे. आमच्या गावी शेजाऱ्यांकडे मुंज उभी असता मुलाचा चुलता गेला, तेव्हा ते घाबरून माझ्याकडे आले होते. नांदीश्राद्ध झाले आहे, कार्याला आरंभ झाला आहे, आता थांबवू नका, असे मीच त्यांना सांगितले होते. खेळ म्हणजे यज्ञ नव्हे, हे खरे. परंतु ज्या मुलीने वर्गावर्गात हिंडून नऊ जणी जमवल्या आणि दोन वर्षे टिकवल्या, ज्यांचे सामने सप्टेंबरातच सुरू झाले, त्यांचे कार्य आरंभिलेले नाही असे कोण म्हणेल? परक्या कोणी मला विचारले असते तर मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो असतो, "जा, बाळा."

मी म्हणालो, "दहा दिवस खेळ नाही, उत्सव नाही."

तिने मान डोलावली आणि तेथेच उभी राहून फोनवर निरोप लिहिला.

रात्रीच्या जेवणाला मुलगा अडखळत म्हणाला, "बाबा, तिच्या मॅचेस महत्त्वाच्या आहेत. आपण कामावर जातोच आहोत की."

"तुम्हाला मी अडवले का?"

"तेच म्हणतोय. मग तिलाही..."

"डॅड, इट्स ग्रँड," नात म्हणाली. इकडे 'ठीक आहे' याला 'ग्रँड' म्हणतात. "मी सांगून टाकलंय. आजोबांना सगळं माहीत असतं."

ते दहा दिवस ती कॉलेजातून थेट घरी येई आणि माझ्याजवळ जमिनीवर बसे. मी तिला भावाविषयी सांगे. तो विहिरीत पोहायला कसा शिकला, गुरुजींच्या चुका धिटाईने कशा दाखवी, लग्नात स्वतःच मंगलाष्टके म्हणायला कसा उभा राहिला आणि भटजी कसे रुसले. ती विचारी, "मग भटजींना कोणी समजावलं?" आणि मी पुन्हा आरंभापासून सांगे. त्या दहा सायंकाळी मला किती बरे वाटत होते हे लिहिताना मला संकोच होतो. एक सायंकाळ गुरुवारची होती, एक मंगळवारची. मंगळवारी तिचा फोन सारखा थरथरत होता. तिने तो उपडा घालून ठेवला.

दोन्ही सामने त्या जिंकल्या. नातीच्या जागी कासलबारकडची मुलगी खेळली होती.

दहा दिवस सरल्यावर मी स्नान करून समई लावली. नात बॅग घेऊन सरावाला गेली आणि नेहमीपेक्षा लवकर परत आली.

"काय म्हणाल्या कोचबाई?"

"जिंकणारी टीम बदलायची नाही म्हणाली." बॅग तिने जिन्याखाली ढकलली. "बरोबर आहे. मीही हेच म्हणाले असते."

त्यानंतर एका शनिवारी मी प्रथमच सामना पाहायला गेलो. थंड सभागृह, बुटांचे किंचाळणे, थर्मासमधून चहा पिणारे आईबाप. त्या मुलीला मी ओळखले ते तिच्या पाहण्यावरून. ती चेंडूकडे पाहतच नव्हती. चेंडू तिच्या हाताखाली आपोआप उसळत होता आणि तिची दृष्टी चारी मैत्रिणींवर फिरत होती. तिने हात उचलला की एक धावे, हनुवटी हलवली की दुसरी वळे. नातीच्या बोलण्यातून ज्या मुली मला भित्र्या म्हणून परिचित होत्या, त्या आता न घाबरता योग्य जागी पोचत होत्या, कारण तेथे चेंडू येणार याची त्यांना खात्री होती. असे कर्म मी आयुष्यात थोड्याच ऋत्विजांच्या हातून पाहिले आहे. मला त्या मुलीचा राग धरता आला असता तर फार सोपे झाले असते.

माझ्या शेजारी एक वृद्ध आयरिश गृहस्थ बसले होते. त्यांची नात संघात सर्वांत उंच होती.

"ही पोरगी आली आणि सगळं फिरलं बघा," ते म्हणाले. "गेल्या वर्षी आमची घरी येऊन रडायची. आता गप्पच होत नाही. तुमची कोणती?"

मी बाकाकडे बोट दाखवले.

"अच्छा, ती होय!" ते घाईघाईने म्हणाले. "फार गुणाची आहे हो. तिनेच सगळ्यांना गोळा केलं ना? आमची सांगत होती." आणि त्यांनी मला आपल्या थर्मासमधला चहा ओतून दिला.

अखेरच्या काही मिनिटांत, विजय निश्चित झाल्यावर, नातीला खेळायला पाठवले. तिने एक चेंडू नेमका त्या उंच मुलीच्या हातात दिला. बाहेर बसलेली कासलबारची मुलगी उभी राहून सर्वांहून मोठ्याने ओरडली.

वसंतात निकाल लागला. संघ तळाला नव्हता, वरून तिसरा होता. क्रीडाविभागाने सभागृहाची वेळ पुढील वर्षासाठी पक्की केली. शाळा संपवून येणाऱ्या काही मुलींनी आताच नावे दिली होती; त्यांतल्या दोघी तर त्या मुलीचा खेळ पाहून या कॉलेजात येणार होत्या. संघ वाचला. नातीने ज्यासाठी दोन वर्षे घालवली ते सिद्धीस गेले होते, आणि त्यात तिला जागा उरली नव्हती.

एका रविवारी ती स्वयंपाकघरात भांडी पुसत असता सुनेने विचारले, "पुढच्या वर्षीचा टीमचा फॉर्म भरलास का गं?"

"नाही भरणार. फायनल इयर आहे. अभ्यास." आईचाच शब्द तिने आईला परत केला, पण त्यात विनोद नव्हता. सून ओले कपडे घेऊन बाहेर गेली.

मी तिच्या हातातले फडके घेतले आणि तिला खुर्चीवर बसायला सांगितले. मग मुंजीची हकीगत सांगितली. आरंभिलेल्या कार्याचा नियम सांगितला.

"म्हणजे मी खेळू शकले असते?"

"हो."

"आणि हे तुम्हाला नंतर सापडलं? पुस्तकात?"

"नाही. तू दाराशी उभी होतीस तेव्हाही ठाऊक होते."

"पाठ होतं?"

"पाठ होते."

नळातून थेंब पडत होते. ती उठून तो घट्ट बंद करून आली आणि पुन्हा बसली.

"मग का, आजोबा?"

आयुष्यभर मी इतरांना उत्तरे दिली. या प्रश्नाचे उत्तर देताना माझा श्वास तुटला, आणि उचलायला कोणी नव्हते. मी म्हणालो, "माझा भाऊ गेला होता आणि घरात कोणी नव्हते. तू दाराशी आलीस. तू जाऊ नयेस असे वाटले."

"तिने माझी जागा घेतलीच असती," ती म्हणाली. "दोन आठवड्यांनी, नाहीतर ख्रिसमसनंतर. ती माझ्यापेक्षा बेटर आहे. मला माहितीये."

"कदाचित."

"पण मला ते कधी कळणार नाही ना आता." "तुम्ही नुसतं थांब म्हणाला असतात तर मी थांबले असते, आजोबा. देवाशप्पथ. मग ते मी दिलेलं असतं. तुम्ही रूल सांगितलात."

मी हात जोडले. आपल्याकडे आजोबांनी नातीला हात जोडू नयेत. तिने घाबरून माझे हात खाली केले आणि म्हणाली, "असं नका ना करू." मग ती वर आपल्या खोलीत गेली.

ती माझ्याशी पूर्वीसारखीच प्रेमाने वागते. माझ्या गोळ्या डब्यात भरते, मला गुडघ्याची पट्टी बांधून देते. परंतु सुतक, सोवळे, तिथी, यांविषयी तिने मला पुन्हा कधी काही विचारले नाही.

यंदा भावाचे वर्षश्राद्ध आले. पुतण्या तिकडे विधी करणार होता. मी येथे तिलोदक देणार होतो. चार दिवस आधी मी नातीच्या दाराशी गेलो. आत जाण्यापूर्वी दारावर टकटक केली.

"गुरुवारी काकाआजोबांची तिथी आहे," मी म्हणालो. "तुला कोणतेही बंधन नाही. शास्त्र काही म्हणत नाही. मला वाटते म्हणून विचारतो, संध्याकाळी थोडा वेळ माझ्याजवळ बसशील का?"

तिने फोन उघडून पाहिले. बराच वेळ पाहत राहिली.

"गुरुवारी माझी लॅब आहे, आजोबा. सहापर्यंत. आणि मग ग्रुपचं काम." तिने माझ्याकडे पाहिले. "नाही जमणार. सॉरी."

"बरे," मी म्हणालो. "काही हरकत नाही."

गुरुवारी मी काळे तीळ आणि पाण्याचे भांडे घेऊन बसलो, भावाचे नाव व गोत्र उच्चारले आणि ओंजळ सोडली. नंतर जिथे त्याचा श्वास तुटत असे तो भाग म्हणून पाहिला. सात वाजता नातीची चावी दारात फिरली. मी तिला हाक मारली नाही.