फुवांनी आधीच बांधलेला नवरदेव

आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्यात कॉम्प्युटर आणायचा, ही अक्कल माझ्या फुवांची. फुवा म्हणजे आत्याचे यजमान, गोडादऱ्यातल्या आम्हा खानदेशी लोकांच्या मंडळाचे अध्यक्ष आणि स्वतःच्या मते सुरतेतले सगळ्यात पुढारलेले गृहस्थ. ही नव्वदीतली गोष्ट. तेव्हा कॉम्प्युटर एसीत ठेवायचे आणि त्याच्या खोलीत चपला काढून जायचं. रिंग रोडला साडीच्या दुकानावर एक क्लास होता, तिथे मी प्रोग्रामिंग शिकत होते. फुवा म्हणाले, "घरचीच पोर आहे, देईल करून."

या "घरचीच"मध्ये सगळं आलं. आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. मला म्हणे पाळण्यात बघूनच फुवांनी जाहीर केलं होतं, "ही आमची." त्यांचे चिरंजीव हजीऱ्याला एका ठेकेदाराकडे होते आणि प्लांटवरचं पिवळं हेल्मेट घालून लोकांच्या लग्नांनाही यायचे. माझे बाबा लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, दिवसभर उभे राहणारे, गरीब स्वभावाचे. दाजींपुढे, म्हणजे फुवांपुढे, त्यांचा आवाज फुटत नसे. मेळावा आटपला की सुपारी फोडायची आणि माझा क्लास बंद, असं मला न विचारता ठरून गेलं होतं. मला क्लास सोडायचा नव्हता आणि ते हेल्मेट तर मुळीच नको होतं. पण मला विचारतो कोण!

तर मी एक फंक्शन लिहिलं. फंक्शन म्हणजे मिक्सर समजा. यात दोन गोष्टी टाकायच्या, एक मुलगा आणि एक मुलगी, की जुळणीचे गुण बाहेर येतात. मुलीचं काय काय मोजायचं ते फुवांनी सांगितलं: रंग, उंची, स्वयंपाक, शिक्षण, पण शिक्षण फार असलं तर गुण कापायचे. मी विचारलं, "आणि मुलाचं?"

"मुलाचं काय मोजायचं? मुलगा आहे ना तो!"

झालं. मुलांना सरसकट पैकीच्या पैकी.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी फुवा क्लासवर आले, चपलांसकट. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आधी आपल्या पोऱ्याला कोण कोण जुळतं ते बघू. तू तर आहेसच, पण बघायला काय जातं?"

वा रे वा! मी राखीव आणि यांचा पोरगा मोकळा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंड मिटून कामाला लागले. अर्ज आलेल्या प्रत्येक मुलीबरोबर पुन्हा पुन्हा तोच मुलगा टाकत कोण बसेल? मी त्याला आधीच बांधून टाकलं. असं करता येतं. फंक्शनच्या दोन जागांपैकी एक कायमची भरून ठेवायची, मग ते फक्त दुसरीच गोष्ट मागतं. मुलगी कोणतीही टाका, मुलगा आत बसलेलाच आहे. पाळण्यात माझं जे केलं होतं तेच मी त्याचं केलं.

चिरंजीव एकूणएक मुलींना जुळले. फुवा असे फुलले की त्यांनी तिथेच पिशवीतून नारळ आणि कुंकू काढलं, मॉनिटरला लाल नाडा गुंडाळला आणि पूजा उरकून घेतली. "आता उद्याच्या मुहूर्तापर्यंत कुणी हात लावायचा नाही."

मी म्हटलं, "फुवा, आत तुमचा मुलगा बांधलेला राहिलाय. त्याला सोडवू द्या, नाहीतर उद्या..."

"पूजा झालेल्या मशीनला हात लावतेस? अक्कल आहे का?"

मोठ्यांचं ऐकावं, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. मी ऐकलं.

घरी बाबांना सांगितलं की फुवांनी आज मुलासाठी दुसऱ्या मुली बघितल्या. "पुरुषाची जात, बघणारच," बाबा म्हणाले, पण ताटातली भाकरी तशीच टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च भरला. कॉम्प्युटर टेम्पोतून आला होता, नाड्यासकट. मी मशीनवर, फुवा माईकवर, आत्या स्टेजच्या कडेला पानसुपारीच्या तबकापाशी. पहिल्या मुलीची माहिती मी भरली आणि स्क्रीनवर अध्यक्षांचे चिरंजीव आले. टाळ्या पडल्या, फुवांनी हात जोडले. दुसरी मुलगी, पुन्हा चिरंजीव. "योगायोग," फुवा म्हणाले. तिसरीलाही तेच निघाले तेव्हा मागची पोरं हसायला लागली. पुढे प्रत्येक वेळी सगळा हॉलच एका सुरात चिरंजीवांचं नाव घेऊ लागला. पहिल्या रांगेतल्या चिरंजीवांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. माय व, मला हसू आवरेना.

इच्छापोरहून आलेली एका मुलीची आई उभी राहिली. "अध्यक्ष, मुलगा एक आणि दाखवताय प्रत्येक घराला? आमच्या मुलीला असं फिरवलं असतं तर कुणी पदरात घेतली असती का?"

माईक घट्ट धरून फुवा म्हणाले, "मशीनची चूक आहे! आमच्या पोऱ्याचं तर कधीचंच ठरलंय. ही बघा सून, मशीनवर बसलीय."

सगळा हॉल माझ्याकडे वळला. हे आता चार लोकांत बोललं गेलं होतं, आणि आमच्यात चार लोकांत बोललेलं मोडत नाहीत.

तेवढ्यात बाबा उठले. त्यांचा आवाज मी लोकांसमोर पहिल्यांदाच ऐकला. "दाजी, ठरलं होतं तर काल दुसऱ्या पोरी कसाले पाह्यात? आते पोरले ईचारा."

आता पोरीला विचारा म्हणाले, पण विचारलं कुणीच नाही. मीच उठले, माईक घेतला आणि म्हणाले, "मला हा मुलगा नको. मला शिकायचंय." माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

फुवा अजून सगळ्यांना सांगतात की त्या दिवशी कॉम्प्युटर बिघडला होता. सांगू देत.

हॉल रिकामा झाल्यावर मी मॉनिटरचा नाडा सोडत होते. गाठ घट्ट बसली होती. आत्या जवळ आली, तबक खाली ठेवलं आणि दुसऱ्या बाजूनं गाठीत नख घातलं. तीही फुवांच्या मामाचीच मुलगी. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मन्हा टायमाले असं मशीन नही व्हतं."