साडूंची सम

वैनगंगेच्या दोन्ही काठांवर मिळून एकही माणूस तालात जगत नाही, असं छातीवर हात ठेवून सांगणारा जगात एकच गृहस्थ होता, आणि तो माझा साडू होता. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान नागपुरात एका उस्तादांकडे बारा वर्षं तबला शिकलेले, आणि पोटासाठी पोस्टात चिकटलेले. स्वातंत्र्याला पाच-सात वर्षं झाली असतील तेव्हा त्यांची बदली वडशाला झाली. मी तिथे शाळेत मास्तर होतो. गावानं त्यांनाही 'मास्तर' करून टाकलं, पोस्टाचे मास्तर म्हणून. आणि मला ते 'गुरुजी' म्हणत. पहिल्याच दिवशी, सामान बैलगाडीतून उतरायच्या आधी, त्यांनी गाडीवानाला थांबवून सांगितलं, "तुझा डावा बैल आडलयीत चालतो, ठोक्याच्या अधेमधे पाय टाकतो." गाडीवानानं बैलाकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाई जी, त्याच्या खुरात गोटा गेला हाय." खरोखरच गोटा निघाला. पण मास्तरांना त्यात आपला पराभव दिसला नाही. उलट, बैलाचं दुखणं आपल्याला कानानं कळलं याचाच त्यांना अभिमान वाटला.

पोस्टात पत्रांवर शिक्के मारायचे तेही तीनतालात. सोळा पत्रांचं एक आवर्तन. पहिल्या पत्रावर सम, म्हणून तिथे टेबल हादरेल असा ठोका, आणि नववं पत्र 'खाली'च्या, म्हणजे जोर सोडायच्या मात्रेवर यायचं म्हणून तिथे हात हलका. त्यामुळे दर सोळा पत्रांमागे नवव्यावरचा शिक्का पुसट उमटे. बाजारातला एक किराणेवाला एकदा तक्रार घेऊन आला, "मास्तर, माह्याच पत्रावर शाई काऊन कमी पडते?" साडूंनी त्याला समोर बसवून 'खाली' म्हणजे काय हे अर्धा तास समजावलं. बिचारा मान डोलावत गेला आणि पुढे पत्र टाकण्याआधी रांगेत कितवं येईल याचा अंदाज घेऊ लागला. घरीही तीच तऱ्हा. बाई, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणी, सकाळी जात्यावर बसल्या की हे माजघरातून ओरडत, "तिसऱ्या मात्रेला अडखळून राह्यली तू!" एक दिवस बाईंनी खुंटा सोडला, पदर झटकला आणि म्हणाल्या, "मंग या, तुमीच दळा." साडू खरंच बसले. पीठ जाडंभरडं निघालं, पण एकही मात्रा इकडची तिकडे झाली नाही असं त्यांचं म्हणणं पडलं. त्या दिवशीच्या भाकरी आम्ही सगळ्यांनी मुकाट्यानं चावल्या. मात्र एक गोष्ट सांगायला हवी. निरक्षर बायाबापड्यांना पत्र वाचून दाखवायला त्यांच्यासारखा माणूस नव्हता. कुठं थांबायचं, वाईट बातमीच्या आधी किती श्वास घ्यायचा, हे त्यांना बरोबर कळे. तेवढ्या वेळात ऐकणारी बाई खांबाला टेकून घेई.

हिवाळ्यात आमच्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस येतात. त्या वर्षी गावातल्या मंडळीनं राजाराणीचं नाटक बसवलं होतं आणि ऐन वेळी त्यांचा ढोलकीवाला झाडावरून पडून हात मोडून बसला. मंडळीतले पेटीवाले, एक साठीचे शिंपी, साडूंकडे आले. "मास्तर, आमची लाज राखा." साडू तयारच होते, त्यांनी एकच अट घातली, की सगळे त्यांच्या लयीत गातील. शिंपीबुवा हो म्हणाले, कारण अडला हरी. तालमीला मीही जाऊ लागलो. राणीचं काम एक धिप्पाड कोळी करायचा. तलावावर जाळं टाकणारा माणूस, पण लुगडं नेसून उभा राहिला की बायासुद्धा त्याच्याकडून पदर घ्यायला शिकाव्यात. तो गाताना शेवटचा शब्द ओढून धरी, लोकांकडे पाही, लोकांची 'हां' आली की मग पाऊल टाकी. साडू तोवर सम घेऊन मोकळे झालेले असत. "चुकली! सम चुकली!" अकरा वेळा तालीम थांबली. बाराव्या वेळी राणीनं कमरेवर हात ठेवले. "मास्तर, मी पाय ठेवतो तेच सम. तुमी कुठी जाता मले सोडून?" साडू म्हणाले, "मी कुठंच जात नाही. मी जिथं असायला हवं तिथंच असतो. तूच उशिरा येतो." शिंपीबुवा मध्ये पडले म्हणून बरं.

रंगीत तालमीला दुपारी मांडवात निम्मं गाव जमलं. साडूंचा हात त्या दिवशी असा बसला होता की नागपूरच्या उस्तादांनी पाठ थोपटली असती. एक मात्रा हलली नाही. आणि राणीची मात्र दुर्दशा झाली. गिरकी घेऊन ती पाऊल आपटायची तेव्हा ढोलकी बोलून गेलेली असायची. पाऊल नुसतंच फळीवर वाजायचं. लोक हसू लागले. दुःखाच्या गाण्यात हसू लागले! संध्याकाळी शिंपीबुवा साडूंच्या ओसरीवर आले आणि पानाचा विडा हातात फिरवत म्हणाले, "मास्तर, तुमची विद्या मोठी हाय. आमचं नाटक लहान हाय." साडूंना कळलं. त्यांनी ढोलकी आतून आणून दिली आणि स्वतः दाराशी पोचवायला गेले.

दुसऱ्याच दिवशी मंडळीनं कुरखेड्याच्या रस्त्यावरच्या एका गोंड गावातून म्हातारा ढोलवाला आणला. कमरेला पंचा, डोक्यावर पांढरे विरळ केस, आणि ढोल असा की त्यात तो स्वतः मावला असता. दुपारी पुन्हा तालीम झाली. साडू पहिल्या रांगेत मांडीवर बोटं मोजत बसले. मी शेजारीच होतो. पुटपुटणं ऐकू येत होतं, "पंधरा... हे साडेपंधरा झाले... हे सतरा! सतरा कुठून आल्या?" इतक्यात राणीनं शब्द ओढून धरला, गिरकी घेतली, पाऊल आपटलं, ढोल बोलला, आणि मांडवातली एकूण एक मान एकाच वेळी हलली. गिरणीतले हमाल, भाजीवाल्या, माझे विद्यार्थी, आणि चौथ्या रांगेत बसलेल्या आमच्या बाईसुद्धा. फक्त साडूंची मान मागाहून हलली. त्यांनी ते पाहिलं. मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं, विशेषतः बाईंकडे, आणि मांडीवरची बोटं मिटून घेतली. आम्ही घरी आलो. दारात ते थांबले. "गुरुजी, एवढी माणसं एकाच ठिकाणी चुकत नसतात. रविवारी तुमची सायकल द्या."

तेव्हापासून त्यांनी ध्यासच घेतला. दर रविवारी पहाटे निघायचं, दहा मैल जंगलातल्या वाटेनं म्हाताऱ्याच्या गावी जायचं आणि दिवस मावळायच्या आत परतायचं. म्हाताऱ्यानं त्यांना चार महिने ढोलाला हात लावू दिला नाही. "आधी नाच," म्हणाला. पंचेचाळीस वर्षांचे, चष्मा लावणारे सरकारी नोकर, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून गोंडांच्या रांगेत उभे राहिले. पहिल्या दिवशी त्यांनी दोन्ही बाजूंच्या माणसांची पावलं तुडवली. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. म्हातारा तहसीलदारालाही 'तू' म्हणणारा, तो म्हणाला, "तू मोजून राह्यला, मास्तर. ढोल मोजत नाई."

"मग काय करते?"

"पाय उचलला का हात उचलते. पाय पडला का हात पडते. तू जमीन ऐकून राह्यला. पाय तं वर हाय अजून!"

साडूंनी हे वाक्य पोस्टाच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीमागे लिहून उशाशी ठेवलं. पावसाळ्यात वाटेवर गुडघाभर चिखल, सायकल खांद्यावर. तरी रविवार चुकला नाही. हिवतापानं दोन आठवडे अंथरुणाला खिळले तेवढेच. मी भेटायला गेलो तर बाई कपाळावर पट्टी ठेवत म्हणाल्या, "पाहा ना, तापात बी पाय हलवून राह्यले." मी म्हटलं, "भाऊ, आता पुरे करा. या वयात कशाला?" त्यांनी डोळे उघडले. "गुरुजी, मी बारा वर्षं शिकलो, आणि मला जे ऐकू येत नाही ते भाजीवालीला ऐकू येतं. हे मला कळल्याशिवाय मी मरणार नाही." मग घोटभर पाणी पिऊन पुन्हा पाय हलवू लागले.

एका रविवारी ते शिंपीबुवांना आणि मलाही घेऊन गेले. गावात दोन बाया 'हूं', 'हूं' करत एका उखळात आळीपाळीनं धान कांडत होत्या. साडूंनी म्हाताऱ्याला आणि शिंपीबुवांना शेजारी बसवलं, तिघांनी डोळे मिटायचे आणि जिथं घाव पडला असं वाटेल तिथं टाळी द्यायची, असं ठरलं. मी डोळे उघडे ठेवून पाहणारा. आणि मी पाहिलं ते असं: साडूंची टाळी मुसळ आदळतं त्या क्षणाला, सुताइतकाही फरक नाही. पेटीवाल्या शिंपीबुवांची टाळी घावाचा आवाज विरायला लागल्यावर, भात्यातला वारा सुटावा तशी. आणि म्हाताऱ्याची टाळी घावाच्या आधी, मुसळ वर असतानाच. तिघंही आपापल्या जागी अढळ. तिघांनाही बाकीचे दोघं चुकल्याची खात्री. कांडणाऱ्या बाया मुसळं टेकवून पोट धरून हसल्या. त्यातली थोरली म्हणाली, "तिघं बी चुकले. आमचा जोर तं 'हूं' वर हाय. घाव तं आपोआप पडते." साडू उठून त्या बाईच्या पाया पडायला गेले, ती लाजून पळाली. परतीच्या वाटेवर ते मला म्हणाले, "कान सगळ्यांना सारखेच दिलेत देवानं. पण कानाला लहानपणी जिथं थांबायचं वळण लागतं, तिथंच तो जन्मभर थांबतो. आणि म्हणतो, हेच ठिकाण."

वैशाखात त्या गावात लग्न निघालं, तेव्हा मीही साडूंबरोबर गेलो. भर सकाळी नाच सुरू व्हायचा, आणि म्हाताऱ्याचा उजवा हात सुजलेला. त्यानं ढोल उचलला, चालत साडूंकडे आला आणि त्यांच्या गळ्यात अडकवला. "घे." साडू पांढरे पडले. पाच-सहा डझन माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती. पोस्टात शिक्के मारण्यासारखं नव्हतं ते. ढोल चुकला तर रांग तुटते, आणि लग्नात रांग तुटणं त्या लोकांत कोणालाच चालत नाही. साडूंनी सुरुवात केली ती मोजूनच, ओठ हलताना मला दिसत होते. दोन फेऱ्या रांग अडखळत चालली. मग त्यांनी चष्मा काढून खिशात घातला आणि समोरच्या पावलांकडे पाहत राहिले. हळूहळू ओठ थांबले. रांग वाहू लागली. ऊन डोक्यावर येईपर्यंत ते वाजवत होते. म्हातारा मोहाच्या झाडाखाली डोळे मिटून बसला होता आणि त्याचा अंगठा धुळीत हलत होता. ढोल उतरवल्यावर साडू माझ्याजवळ आले, घामानं निथळत. "गुरुजी, सम कुठं होती मला ठाऊक नाही. पण होती."

याची किंमत पुढच्या वर्षी द्यावी लागली. उस्तादांकडे सगळे शिष्य वर्षातून एकदा हजेरी लावत. साडू नागपूरला गेले, तीनताल वाजवला. वृद्ध उस्तादांनी ऐकून घेतलं आणि रागावलेही नाहीत. "बेटा, हाथ अच्छा है," म्हणाले, "पर अब मेरा नहीं रहा." सम केसभर आधी येत होती. परत आल्यावर हे साडूंनीच मला सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्यांच्या घरातून तबल्याचा आवाज आला, आणि रविवारी सायकल जंगलाकडे गेली. उस्तादांचा आणि म्हाताऱ्याचा, दोन्ही हात एका अंगात नांदवायचे असा त्यांनी निर्धार केला होता. वडशात होते तोवर तो सोडला नाही, आणि तो पुरताही साधला नाही.

मग बदलीचा हुकूम आला, वऱ्हाडात कुठेतरी. शेवटच्या रविवारी मी दुसरी एक सायकल मागून घेऊन बरोबर होतो. म्हातारा आता खाटेवरून उठत नव्हता. साडूंनी पहिल्यांदाच आपला तबला सायकलला बांधून नेला होता. त्यांनी तो खाटेशेजारी जमिनीवर मांडला, ठाकठोक करून स्वर लावला आणि साधा तीनताल धरला, काही न नटवता. म्हातारा ऐकत राहिला. थोड्या वेळानं त्याचा हात गोधडीतून बाहेर आला आणि खाटेच्या कडेवर थाप पडली, समेच्या आधी. पुढच्या आवर्तनात पुन्हा आधी. मी साडूंकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. पण तिसऱ्या आवर्तनाला म्हाताऱ्याचा हात जिथं पडला तिथंच त्यांची थाप पडली. चौथ्यालाही. म्हाताऱ्याचे डोळे चमकले.

"मास्तर, हे तं सोपं हाय गा!"

"हो," साडू म्हणाले, "सोपंच हाय."

आणि त्यांनी आणखी तासभर त्याला तसंच वाजवून दाखवलं. परतताना उतार लागला तरी आम्ही सायकलींवर बसलो नाही, दहाही मैल चालत आलो. पावसाळा सरता सरता म्हातारा गेला. ते साडूंना कळवायला मी पत्र लिहायला बसलो, आणि वाईट बातमीच्या आधी कुठं थांबावं ते मला कळेना.