सहा कॉम्प्युटर आणि मुलींचा मंगळवार

एप्रिल २००३, शेवटचा रविवार. सकाळी साडेआठ.

हजर: नवरा, मुलगा (अकरावीची परीक्षा संपलेली), मुलगी (नववीची संपलेली), पिंपळगावचा माझा धाकटा भाऊ, त्याच्या टेम्पोचा ड्रायव्हर, वायरमन आणि मी.

त्या वर्षीच्या डायरीत ही नोंद अशीच आहे. सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. माल उतरला की आधी कोण कोण हजर होतं ते लिहायचं आणि मग माल मोजायचा, ही तिथली सवय. पुढे कुणी ‘मी नव्हतोच’ म्हणायला नको. त्या रविवारी उतरलेला माल म्हणजे भावाच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमधली दोन लांब टेबलं. लोखंडी पाय, वर पांढरा सनमायका, आणि पेट्या घसरू नयेत म्हणून कडेला बोटभर उंच पट्टी.

“ताई, लय द्राक्षं भरली ह्या टेबलांवर,” भाऊ टेबलाचं एक टोक उचलत म्हणाला. “आता पोरं ह्यावर गोळ्या झाडणार म्हणं.”

“कॉम्प्युटरवर झाडणार. टेबलाला काही होत नाही.”

“टेबलाचं नाय म्हणत मी. दाजींचं म्हणतोय.”

दाजी जिन्यात टेबलाचं दुसरं टोक धरून उभे होते. ते काही बोलले नाहीत, कारण टेबल त्यांच्या पायावर होतं.

हा सगळा खटाटोप मुलीसाठी होता. तेव्हा गंगापूर रोडवर आणि कॉलेजच्या बाजूला सायबर कॅफे निघाले होते. तिथे कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले असत आणि मुलं गट करून लढाईचे गेम खेळत. मुलगा दर शनिवारी मित्रांबरोबर जायचा. मुलगी एकदाच गेली, भावाबरोबर. प्लायवूडच्या खोपट्या, त्यांना पडदे, आणि ती बसल्यावर बाकीची मुलं आपला खेळ सोडून तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. ती दहा मिनिटांत उठून आली. नंतर आम्ही दोघांनीही तिला जायला नको म्हटलं, आणि तिनेही हट्ट केला नाही.

घरी एक कॉम्प्युटर होता. त्यावर ती वर्षभर एकटी खेळली. कुठल्या दारामागे थांबायचं, कुठल्या जिन्यावरून उतरायचं, हे ती शोधून काढायची. मुलगा ते शिकून घ्यायचा आणि शनिवारी कॅफेत जाऊन वापरायचा. एकदा मी पोळ्या करताना तिला विचारलं, “हरवलंस का आज?”

“हरवलं. रोजच हरवते.”

“मग तोंड का असं?”

“मशीनला हरवलं तरी ते चिडत नाही, आई. काय मजा त्यात?”

मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं. हे मात्र कळलं. तिला खेळायला माणसं हवी होती, आणि ती माणसं जिथे होती तिथे तिला जाता येत नव्हतं. मग माणसांनाच इकडे आणायचं ठरवलं. त्या रात्री मी यादी केली: खोली, यंत्रं, टेबलं, वीज, जोडणी, हवा, नियम. सात मथळे, प्रत्येकाखाली मोकळी जागा.

यंत्रांचं लवकर जमलं. आमच्या रस्त्यावरचा एक कॉम्प्युटर क्लास बंद होत होता, त्याची पाच यंत्रं मिळाली. मी कागद घेऊन गेले आणि प्रत्येक यंत्र अर्धा तास चालवून घेतलं. पंखा घरघरतो का, पडदा हलतो का, कीबोर्डची कुठली बटणं बसली आहेत, सगळं लिहिलं. क्लासवाले सर म्हणाले, “मॅडम, एवढं तर आम्ही घेतानाही पाहिलं नव्हतं.” घरी आणून प्रत्येकावर ऑइलपेंटने एक ते सहा आकडे घातले.

खोली वरच्या मजल्यावरची, पाहुण्यांची.

“आणि पाहुणे आले तर?” नवऱ्याने विचारलं.

“सहाव्या नंबरवर बसतील.”

मांडणी मी आलेखाच्या कागदावर काढली, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. कॅफेत सगळे एका रांगेत बसत, त्यामुळे शेजारच्याच्या पडद्यात डोकावून तो कुठे लपलाय ते बघता येई. मी दोन्ही टेबलं समोरासमोर लावली. एका गटाचे तीन मॉनिटर दुसऱ्या गटाच्या मॉनिटरांना पाठ लावून. समोरच्याचं तोंड दिसेल, पडदा दिसणार नाही. टेबलाच्या कडेची पट्टी मनगटाला टोचत होती, तिच्यावर जुन्या गादीतला फोम चिकटवला.

विजेने मात्र आठवडा खाल्ला. पहिल्या दिवशी तिसऱ्या नंबरच्या डब्याला हात लागला की मुंग्या येत. वायरमन पेठ भागातला, शांत माणूस. त्याने टेस्टर लावला आणि मला अंगणात नेलं.

“ताई, घराला आर्थिंग हाय, पण ते मेलेलं हाय.”

“जिवंत कसं करायचं?”

“मीठ लागंल, कोळसा लागंल, आनि रोज बादलीभर पानी.”

डायरीत ‘वीज’ या मथळ्याखाली मी लिहिलं: जाडं मीठ, लाकडी कोळसा. आमच्या काळ्या पाषाणात खड्डा खणायला त्याला दोन दिवस लागले. नंतर मे महिनाभर नवरा सकाळी तुळशीला पाणी घालून उरलेली बादली आर्थिंगला घालायचा. मुंग्या थांबल्या.

यंत्रं जोडणाऱ्या वायरींची टोकं मुलाने बसवली. वायरीत आठ बारीक तारा, त्यांचा रंगांचा क्रम ठरलेला. पहिली तीन टोकं वाया गेली. मग मी तो क्रम मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावला आणि तो तारा लावत असताना वाचून दाखवला, परवचा म्हणून घ्यावा तसा. चौथ्यापासून एकही टोक चुकलं नाही. मेच्या पहिल्या शनिवारी सहाही पडद्यांवर एकच नकाशा उघडला. मी खाली जाऊन यादीतल्या सहा मथळ्यांपुढे खुणा केल्या. राहिले नियम.

नियम मी दोन रकान्यांत केले आणि कागद खोलीच्या दारावर लावला. सोमवार, बुधवार, गुरुवार, शनिवार आणि रविवारची सकाळ मुलांची. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी पाच ते सात, मुलींची. मी साडेचारपर्यंत कामावरून येत असे, त्यामुळे घरात मोठं माणूस असणारच. शेजारच्या काकू मुद्दाम वर चढून बघून गेल्या. “मुलींचं वेगळं ठेवलंत, ते फार बरं केलंत,” म्हणाल्या. मला बरं वाटलं. कारखान्यात इतकं स्वच्छ वेळापत्रक कुणी केलं नसतं.

पहिल्या मंगळवारी मुलीच्या वर्गातल्या दोघी आल्या. एक अर्ध्या तासात कंटाळून खाली येऊन माझ्याशी गप्पा मारत बसली. दुसरी पंचवटीतली. तिचे वडील रामकुंडावर यात्रेकरूंची पूजा सांगायचे. दोन वेण्या, आवाज इतका हळू की दोनदा विचारावं लागे. ती मात्र पाचव्या नंबरवर बसली ती सातपर्यंत उठली नाही. जाताना मला म्हणाली, “काकू, शुक्रवारीही आहे ना?”

मुलांच्या वारी वर सहा जण असत आणि जिन्यापर्यंत आरडाओरडा ऐकू येई. मुलींच्या वारी दोन यंत्रं चालू, चार बंद. दुसऱ्या शुक्रवारी मी कामावरून आले तर मुलगी हॉलमध्ये मासिक वाचत पडलेली. नवरा शेजारी पेपर घेऊन.

“आज तुमचा वार आहे,” मी म्हटलं.

“माहितीये. तिला फोन करून नको सांगितलं.”

“का? ती तर आवडीने येते.”

“येते. पण दोघींत गट कसा करायचा? एक इकडे, एक तिकडे, झालं.”

“मग आणखी मैत्रिणी आण.”

“कुठून आणू? ज्यांना खेळता येतं ते सगळे तुझ्या डाव्या रकान्यात आहेत.” तिने मासिक मिटलं. “आई, तू पंगत मांडलीस. आधी पुरुष, मग बायका. बायका बसतात तेव्हा भाजी संपलेली असते.”

पेपरमागून नवरा म्हणाला, “बरोबर आहे तिचं.”

“तुम्हाला काय झालं बरोबर म्हणायला,” मी म्हटलं. “तुम्ही कायम पहिल्या पंगतीचे.”

पण मी वर गेले आणि दारासमोर उभी राहिले. आमच्याकडे कुठलंही कार्य असो, मी वाढणाऱ्यांत असते आणि शेवटच्या पंगतीला बसते. त्यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. तोच क्रम मी रकाने आखून, पट्टी लावून दारावर लावला होता. ज्या मुलीसाठी अंगण खणलं तिला मी पुन्हा मशीनसमोर एकटं बसवलं होतं. कागद काढला आणि नवीन लिहिला. वार सगळ्यांचे. गट चिठ्ठ्या टाकून. चिठ्ठीवर तक्रार चालणार नाही.

मुलगा म्हणाला, “मित्र काय म्हणतील?”

“विचार त्यांना. नाही म्हणाले तर त्यांना कॅफे आहेच.”

मेच्या तिसऱ्या रविवारी मुलगा, त्याचे तीन मित्र, मुलगी आणि पंचवटीची मैत्रीण असे सहा जण जमले. चिठ्ठ्या पोह्यांच्या डब्यात टाकल्या. मुलीच्या गटात तिची मैत्रीण आणि मुलाचा एक उंच मित्र आला.

“काकू, मला दोन मुली?” तो म्हणाला.

“डब्याने दिल्या. डब्याशी बोल.”

“हरलो तर माझं नाव घेऊ नका म्हणजे झालं.”

“तुझं नाव मी पहिलं घेईन,” माझी मुलगी खुर्ची ओढत म्हणाली. “जिन्याखाली थांब. मी सांगेपर्यंत हलायचं नाही. हललास तर मीच गोळी घालीन.”

मी दारात उभी होते. मॉनिटर पाठीला पाठ असल्यामुळे मला फक्त चेहरे दिसत होते. माझी मुलगी एकसारखी बोलत होती. “आता नाही. आता नाही. तो खिडकीशी येणार, त्याला सवय आहे. आला. आता जा.” पंचवटीची मुलगी काहीच बोलत नव्हती, पण पहिल्या तासात ती एकदाही मेली नाही, असं मला नंतर सांगण्यात आलं. पाच डावांपैकी चार त्यांनी जिंकले. चौथ्यानंतर मुलाने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“हे सगळं ती घरी पाठ करून बसलीये. हे फसवणं आहे.”

“तुलाच शिकवलं होतं ते, दादा. तू नीट ऐकलं नाहीस.”

“मी आता बसतच नाही.”

तो खरोखरच चिडला होता. मुलीने मॉनिटरवरून मान उंच करून माझ्याकडे पाहिलं. पुढच्या वर्षी दहावीचा निकाल लागला त्या दिवशीही तिचा चेहरा असा नव्हता. पाच मिनिटांनी मुलगा परत बसला, कारण बाकीचे त्याला ‘काका, पेपर वाचा जाऊन’ म्हणत होते.

ती खोली पुढची चार वर्षं चालली. भारनियमनाने तास कमी झाले, मित्र शिकायला बाहेर गेले, यंत्रं एकेक करून बदलली. दुसऱ्या उन्हाळ्यापासून मुलं फोन करून आधी ‘ती आहे का?’ विचारायची आणि ती आपल्या गटात यावी म्हणून चिठ्ठ्या टाकताना डब्यात डोकवायची. कॉलनीतल्या आणखी तीन मुली येऊ लागल्या. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी व्यवस्थित लावल्या आहेत, पण कुणी विचारलं तर मी आधी ही खोली सांगते.

पंचवटीची मुलगी दोन रविवार आली. तिसऱ्या रविवारी तिची खुर्ची रिकामी राहिली. मुलीने फोन केला आणि बराच वेळ नुसतं ऐकून ठेवला.

“तिच्या बाबांना कळलं, मुलंही असतात ते. ते म्हणाले, मंगळवारी जात होतीस तेव्हा ठीक होतं.”

दारावरून काढलेला तो उजवा रकाना तिला पुरत होता, नव्हे, तेवढाच तिला मिळणार होता. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

“मंगळवार परत ठेवू का?” मी विचारलं.

“तिच्यासाठी ठेव,” मुलगी म्हणाली. “मी बसेन तिच्याबरोबर.”

ठेवला. पण आता त्या घरात मुलंही येतात हे माहीत झाल्यावर वडिलांनी मंगळवारही बंद केला. मग मी डायरीत लिहिलं: पंचवटीत जाऊन तिच्या वडिलांना भेटणे. काय बोलायचं त्याचे मुद्देही काढले. खोलीचं दार उघडं असतं. घरात आम्ही असतो. मुलगी हुशार आहे, शांत आहे, तिला इथे आवडतं. पाहिजे तर तुम्हीच एक रविवार येऊन बसा. त्या आठवड्यात कारखान्यात स्टॉकची मोजणी निघाली. पुढच्या आठवड्यात भावाकडे जावं लागलं. मग शाळा सुरू झाली आणि त्या दोघींच्या तुकड्या वेगळ्या झाल्या.

राहिलेली कामं मी दर रविवारी पुढच्या पानावर उतरवून घेते. हे काम २००३च्या डायरीतून २००४च्या डायरीत गेलं, आणि तिथून पुढे. ती मुलगी आता पुण्याला शिकते. तिचे वडील अजून सकाळी कुंडावर असतात. मागच्या महिन्यात मी त्यांना लांबून पाहिलं, ते कुणाला तरी संकल्प सांगत होते. मी थोडा वेळ थांबले आणि बस आली तशी निघाले.

या वर्षीच्या, म्हणजे २००९च्या डायरीत ते पहिल्याच पानावर आहे, मुद्द्यांसकट. त्याच्यापुढे अजून खूण नाही.