कूलर आणि ताबा

दुसऱ्यांना घरांचे ताबे मिळवून देणं हा माझा धंदा. अकोल्यात जठारपेठेत आमचं जुनं घर आहे आणि पक्षकारांना बसवायची जागा होती बाबांच्या पलंगाच्या पायथ्याशी. (अर्ध्या घटस्फोटांचा निकाल बाबाच लावून मोकळे होत!) म्हणून गेल्या हिवाळ्यात मी मागच्या पडवीला भिंती घालून खास माझं ऑफिस बांधायला काढलं. काचेचं दार, चकचकीत फरशी, एकदम मॉडर्न!

पडवीच्या कोपऱ्यात पोत्यांनी झाकलेलं काहीतरी होतं. त्यावर गाद्या, गाद्यांवर आईचे वाळवणाचे डबे.

"साहेब, हे हलवता का?" मिस्त्रीनं विचारलं.

"राहू दे ना! कपाट असेल. काम नको थांबवू."

मार्च आला, ऊन तापलं आणि बाबांनी फर्मान सोडलं, "कूलर काढ बे!"

पोती ओढली तर कपाट कसलं! बाबांनी स्वतः उभं राहून वेल्डिंग करून घेतलेला, म्हशीएवढा लोखंडी कूलर! दाराशी नेला, दार अरुंद. आडवा केला, तिरपा केला. बायकोनं तर एकदा मलाच तिरपं केलं.

"बाबा, कापायचा का?"

"कूलरले हात लावशीन तं याद राख! भिंत पाड."

"नवी आहे हो भिंत!"

"मंग बांधली काहून?"

मी माझं वकिली डोकं चालवलं. शेवटी तडजोड मांडली : कूलर इथंच खिडकीशी राहील. मनातून मी खूशच होतो, कारण ऑफिस आयतं थंड होणार होतं! पण संध्याकाळपर्यंत कूलरपायी बाबांचा पलंग आत आला. (त्याचे पाय सुटे होतात.) मग आईचा भाजी निवडायचा पाट आला, बायकोचा टीव्ही आला. माझं टेबल तेवढं बाहेर गेलं. त्याचेही पाय सुटे होते.

परवा वरुडाहून एक संत्रेवाले काका आले. त्यांच्या घरातला भाडेकरू निघत नव्हता. मधल्या खोलीत घाम पुसत मी त्यांना कायदा समजावत होतो. त्यांचं लक्ष मात्र काचेच्या दाराकडे.

"साहेब, आतमंधी गारव्यात कोण झोपून राह्यलं?"

"बाबा. खरं तर ते माझं ऑफिस आहे."

"मंग काढा ना त्याहिले बाहीर!"

"निघत नाहीत हो."

काकांनी हळूच आपले कागद गोळा केले.

"मंग माह्या भाडेकरूले तुमी काय काढसान?"