आत्याच्या हातांचा वास

आत्याला घरात काम असं नाहीच, हे वहिनी येईल त्या माणसाला ऐकवायची. "बसल्या बसल्या लसूण सोलतात, बस्स!" बसल्या बसल्या, म्हणे! एकदा सोलून बघा म्हणावं. ताज्या लसणाची साल पाकळीला चिकटून बसते, नखानंच उचलावी लागते. दादाला, म्हणजे आत्याच्या भावाला, हृदयाचं दुखणं. त्याला रोज अनशापोटी लसूण हवा, तोही ठेचून जरा वेळ उघडा ठेवलेला. स्वयंपाकाचा वेगळाच. आत्याची बोटं चिरून लाल झाली होती. पण नवऱ्यामागं भावाच्या दारात आलेली बाई बोलणार कुणाला?

दादाची लेक तान्हं बाळ घेऊन माहेरी आली आणि आत्याला दुसरं काही सुचेना. त्याला एकदा मांडीवर घ्यायचं, एवढंच तिला हवं होतं.

"नको गं आत्या, तुझ्या हातांना लसणाचा वास येतो," भाची म्हणाली. "ठसका लागेल त्याला."

आत्याला पटलं की हो! त्या चिरलेल्या बोटांना बिचारीनं मीठ-लिंबू चोळलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी, तरी थांबेना. हात हुंगायची, पुन्हा चोळायची. वहिनी दारातून बघून हसली आणि आणखी लसूण पुढ्यात ओतून गेली.

मग बाळाला सर्दी झाली. "वन्सं, लसणाचं तेल करून द्या," वहिनीनं फर्मान सोडलं. आत्यानं पाकळ्या ठेचल्या, मंद आचेवर करपू न देता तेलात परतल्या, तेल गाळून कोमट करून दिलं. भाचीनं ते बाळाच्या छातीला, तळपायांना चोळलं. खोलीभर लसूण घमघमला.

आत्याला इतका आनंद झाला! हात पुढे करून म्हणाली, "आता त्यालाच माझ्यासारखा वास येतोय की! दे ना गं."

भाचीनं बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि आईकडं बघितलं.

"वन्सं, वासाचं आपलं सांगायला होतं हो," वहिनी म्हणाली. "पोटची पोरं सगळी तुमच्या मांडीवरच गेली. आमचं कसं द्यायचं?"

दादानं पेपरचं पान उलटलं.

आत्याचे हात तसेच पुढे राहिले. "मग मला लिंबू का चोळू दिलंत?"

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून," वहिनी म्हणाली आणि लसणाची टोपली तिच्याकडं सरकवली.