पाचवी पेटी

लढाईच्या दिवसांत आमच्या सक्करदऱ्याच्या कारखान्यात फौजेच्या लॉऱ्यांचे सुटे भाग भरायच्या लाकडी पेट्या बनत. मी तिथला सुतार. दोनशे पेट्या तयार झाल्या की तपासणीचा साहेब यायचा, त्यातल्या कुठल्याही पाच निवडायचा, त्यांत लोखंड भरून डोक्याच्या उंचीवरून खाली टाकायला लावायचा. पाचांतली एक जरी फुटली तरी दोनशेच्या दोनशे परत, आणि पुढचं कामही बंद.

त्या खेपेला लांब खिळे कुठेच मिळेनात. शेवटच्या वीस पेट्या मालकांनी मला आखूड खिळ्यांनी ठोकायला लावल्या. मी कुरकुरलो तर म्हणाले, "अबे, साहेब का साऱ्या उघडून पाहून राहिला? लाव तिकडं भिंतीकडं, खाली." लावल्या. पोट मलाही होतं ना!

तपासणीच्या दिवशी माझा थोरला भाऊ हमालांच्या टोळीसोबत माल न्यायला आला होता. भरलेल्या पेट्या मालधक्क्यावर डोक्यावरून वाहायचं कामही त्याच टोळीचं.

एक पेटी पडली, दोन, तीन, चार. एकही फुटली नाही. साहेबाने घाम पुसला आणि खडू माझ्या हातात दिला. "पाचवी तू निवड. तूच बनवतोस ना?"

मालकांनी मला हळूच डोळा मारला. अस्सा संताप आला म्हणता! चांगल्या पेट्यांची थप्पी दोन पावलांवर होती. तिथे खूण केली असती तर सगळेच सुटलो असतो. पण भाऊ भिंतीशी उभा राहून डोक्यावरची चुंबळ नीट करत होता. मी सरळ भिंतीकडे गेलो, खालची पेटी ओढून काढली आणि तिच्यावर फुली मारली.

पेटी पडली. तळ एकीकडे, लोखंड एकीकडे. साहेबाने आखूड खिळा उपटून मालकांच्या हातावर ठेवला.

मालकांनी मला तिथल्या तिथे काढलं. त्याचं काही नाही वाटलं. पण भाऊ सगळ्यांदेखत ओरडला, "काहून केलं गा असं? आमच्या साऱ्यांच्या भाकरीवर पाय देला तू! चांगली पेटी दिसली नाही तुले?"

तुझ्यासाठीच केलं रे, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मग हेही सांगावं लागलं असतं, की त्याच्या डोक्यावर फुटायच्या त्या वीस पेट्या मीच ठोकल्या होत्या. मी हत्यारं गोळा केली.